बारवेच्या पायऱ्या

चारठाण्याच्या वाटेवर, आमच्या गावाला लागून, जुन्या वस्तीचं टेकाड आहे. सगळे त्याला पांढर म्हणतात. भोवती उघडा माळ, बाभळीशिवाय सावली नाही, आणि पायथ्याला गाळानं बुजलेली बारव. एवढ्या कोरड्या माळावर माणसं राहिली ती या बारवेच्या जिवावर. म्हणून उत्खननवाले आले, आणि मी खापऱ्या धुण्याच्या कामावर रुजू झाले. इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. ज्या विद्यापीठातून झाले, त्याच्याच नामांतरावरून तेव्हा मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली होती. आमच्या बौद्ध वस्तीतले पुरुष आळीपाळीनं पहारा देत आणि सकाळी खोदकामाला येत.

बारव उपसायचं ठरलं तेव्हा मायनं एकच विचारलं, "आपल्याला खाली जाऊ देतील का गं?"

ती लग्न होऊन आली तेव्हा बारवेला पाणी होतं. आमच्या बायका वरच्या कट्ट्याशी घागर घेऊन उभ्या राहत. कुणाला दया आली तर तो खालून आणलेलं पाणी वरून ओतायचा. कधी दुपार कलायची तरी कुणी येत नसे. पुढं बारव बुजली, वस्तीला हातपंप आला, पण मायच्या मनातून ते उभं राहणं गेलं नाही.

गाळ काढायला मात्र आम्हाला कुणी अडवलं नाही. गाळ विटाळत नाही, हे मला फार लागलं. बा आणि वस्तीतली माणसं घमेली भरून वर देत, मी ती चाळत असे. आधी रबरी चपला, कंदिलाची काच. मग निजामाच्या वेळचा पैसा. मग फुटक्या घागरींचे काठ. एकेक पायरी उघडी पडत गेली, मधोमध झिजलेली. उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, त्या झिजेवरून हात फिरवून म्हणाले, "किती पिढ्यांचे पाय असतील!" मी पुढचं घमेलं चाळणीत ओतलं. त्यात आमच्यातल्या कुणाचा पाय नव्हता.

एका सकाळी बाच्या पहारीखाली गाळ ओला लागला आणि बघता बघता झरा फुटला. आरोळी गावात गेली. म्हातारे पाटील नारळ घेऊन आले, मागं अर्धं गाव. आमच्याकडं विहिरीला पाणी लागलं की आधी आसरांना, पाण्यातल्या देवींना, नारळ फोडतात. मग ज्याच्या हातानं झरा मोकळा झाला, पहिली ओंजळ त्याची. त्याआधी मालकसुद्धा पाण्याला हात लावत नाही.

नारळ फुटला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

मागून एकजण म्हणाला, "सरकारी काम हाय हे. ह्याला कशाचा आलाय मान?"

मला वाटलं, बानं गुपचूप वर निघून यावं, नको ते पाणी.

पाटील वळून खेकसले, "आसरांला सरकार ठावं न्हाई. झरा त्यानं काढलाय, ओंजळ त्याची." आवाजात माया नव्हती. रीत मोडायची भीती होती, आणि तेवढ्यावर आमचं निभावलं.

बा घोटाभर पाण्यात उभा होता. तो वाकला नाही. वर बघून म्हणाला, "माझी हाय नव्हं? मंग मी देईन त्याची." पाटलांनी मान हलवली. बानं मायला हाक मारली.

माय कट्ट्याशी उभी होती, आपल्या जुन्याच जागी. फोटोसाठी झाडून ठेवलेल्या पायऱ्यांवर कुणी पाय देऊ नये म्हणून सरांनी दोरी बांधली होती. ती त्यांनीच सोडली. पदर खोचून, भिंतीला हात लावत माय उतरली. पाणी गढूळ होतं. तिनं ते जरा निवळू दिलं, ओंजळ भरली आणि प्यायली.

मग तोंड पुसून वर बघितलं.

"पाणी तर तेच हाय," ती म्हणाली. "मंग कामून उभं केलं व्हतं आमाला, पाटील?"

पाटील कट्ट्याशी उभे होते, ती उभी राहायची तिथंच.