मुद्दे तिचेच

पान उलटायचं असलं की सानिकाचे बाबा आधी बोट तोंडात घालत. नुसतं जिभेला टेकवणं नव्हे. तर्जनी चांगली आत घालून, ओली करून बाहेर काढत आणि मग पानाच्या कोपऱ्यावर दाबत. स्वतःचं पुस्तक असतं तर मी दुसरीकडे पाहिलं असतं. पण पुस्तक मुलीचं असे, आणि बरेचदा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं. कराराच्या कायद्यावरच्या एका जाड पुस्तकाचे कोपरे त्यांनी इतके भिजवले होते, की ते फुगून वर वळले होते. उद्या हेच पुस्तक दुसरं कुणीतरी घरी नेणार, हे माझ्या डोक्यातून जात नसे.

"आल्झो ताई, आमचं दुसरं प्रकरण झालं," ते जिन्यात मला सांगत. 'आल्झो' म्हणजे 'तर मग'; बोलताना असे जर्मन शब्द पेरायची त्यांना सवय होती.

म्युनिकमधल्या आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर, ते दुसऱ्या. एका सॉफ्टवेअर कंपनीत ते गुणवत्ता तपासणी बघत. बायको पुण्यात बँकेत, नोकरी सोडायला तयार नव्हती. मुलगी सानिका बारावीपर्यंत आईजवळ राहिली आणि मग कायदा शिकायला इथे बापाकडे आली. नुसत्या बारावीवर थेट पदवीला प्रवेश मिळत नव्हता, म्हणून एका खासगी विद्यापीठात आधी फाउंडेशनचं वर्ष. त्या वर्षात नीट पास झालं तर पुढे कायद्याची पदवी, सगळं इंग्रजीतून. नाही झालं तर बॅग भरायची आणि पुणे गाठायचं.

असे बाप तुम्हीही पाहिले असतील. मुलाच्या नावाने थर्माकोलचा किल्ला स्वतः करतात आणि प्रदर्शनात किल्ल्याशेजारी स्वतःच उभे राहतात. तिथवर मी समजू शकते. शाळा आहे, थर्माकोल आहे, कुणाचं काही बिघडत नाही. पण एकोणीस वर्षांची, उद्याची वकील म्हणवणारी मुलगी सोफ्यावर बसून फोन बघते आहे आणि बाप संत्र्याची फोड सोलून, पांढरे धागे काढून, बी काढून तिच्या तोंडात घालतो आहे, हे मी त्यांच्या घरी पाहिलं. मघाशी पान उलटलेल्या बोटांनी. तिनेही फोनवरून नजर न हलवता तोंड उघडलं. मला शिसारी आली.

"तिच्या हातांना काय झालंय?" मी विचारलं.

"हात मोकळे नकोत का? नोट्स काढायच्यात."

"नोट्स तर तुम्ही काढताय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि पुढची फोड सोलायला घेतली.

माझ्याकडे प्रिंटर होता. शनिवारची माझी कामं ठरलेली असतात, कपडे, बाजार, आठवड्याच्या भाज्या निवडून ठेवणं, आणि नेमके त्यात ते पेनड्राइव्ह घेऊन येत. वर्षातला सगळ्यात मोठा निबंध घेऊन आले तेव्हा सानिकाही सोबत होती. विषय असा, की भाडेकरूला घर सोडायला सांगताना घरमालकाने कोणती कारणं द्यावीत. कागद बाहेर यायला लागले तशी मी एक-दोन पानं चाळली. प्रत्येक पानावर 'स्टेकहोल्डर', म्हणजे हितसंबंधी, होता. भाडेकरू स्टेकहोल्डर, घरमालक स्टेकहोल्डर, एका ठिकाणी तर बाल्कनीसुद्धा. ही भाषा मी रोज ऑफिसात ऐकते. ती कुणाची आहे हे कळायला वकील लागत नव्हता.

"हे तुम्ही लिहिलंय."

"भाषा फक्त, ताई. मुद्दे तिचेच."

शेवटच्या पानावर एक प्रतिज्ञा होती. हे काम माझं स्वतःचं आहे, इतर कुणाचीही मदत घेतलेली नाही, वगैरे. खाली सहीची जागा. सानिका माझ्या टेबलाशी बसून चकल्या खात होती. त्यांनी ते पान तिच्यापुढे सरकवलं.

"सही कर. वाचशील नंतर."

तिने तेलकट बोटांनी पेन धरलं आणि सही केली. कायदा शिकणारी मुलगी, न वाचता. ते निघून गेल्यावर मी टेबल दोनदा पुसलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. निबंधावर तोंडी परीक्षा होती. परीक्षक बाईंनी तिला एवढंच विचारलं, की इथे बाल्कनी स्टेकहोल्डर कशी? सानिका गप्प. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, ती गप्पच. मग विद्यापीठाने तिला बोलावणं धाडलं. निबंध कुणी लिहिला याचा खुलासा पुढच्या आठवड्यात करा, नाही तर नाव काढून टाकू.

त्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. हातात कागद, माझ्या नावाने टाइप करून आणलेला. सानिकाला हा निबंध स्वतः लिहिताना मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, असं त्यात लिहिलेलं.

"तुम्ही इथे इतकी वर्षं आहात, ताई. तुमच्या शब्दाला वजन आहे. एवढी सही करा. वाचा नंतर."

मला आधी हसू आलं आणि लगेच अंगावर काटा. मुलीला कायदा शिकवायचा म्हणून शेजारणीकडून खोटी साक्ष न्यायला आले होते आणि चेहऱ्यावर संकोचाचा मागमूस नव्हता. वाटीभर साखर मागावी तसे उभे होते.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली. परत उघडली.

"मी इथे आलो तेव्हा ती आठवीत होती," ते म्हणाले. "त्यानंतर बारावीपर्यंत तिचा एक प्रोजेक्ट मी केला नाही. एक वही बघितली नाही. फोनवरून काय बघणार? आता आलीये, तर..."

मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण किळस काही गेली नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं, आणि ते मुळीच सुखाचं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. सानिका वर येत होती. अंगात जाकीट, पाठीला बॅग.

"बाबा, तो कागद परत घ्या. मी आज सांगून आले."

"काय सांगून आलीस?"

"तुम्ही लिहिलंत म्हणून."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी कागद खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "निदान मुद्दे तुझे होते, एवढं तरी सांगायचंस."

"कुठे माझे होते, बाबा? मला तर घरमालकाची बाजू पटलीच नव्हती."

निबंध रद्द झाला. फाउंडेशनचं वर्ष पुन्हा करायची एक संधी मिळाली, एकच. सानिकाने विद्यापीठाजवळ इतर मुलींबरोबर एक खोली घेतली. सामान हलवताना ते मागे-मागे डबे घेऊन धावत होते. तिने डबे घेतले, त्यांना मात्र खालीच थांबवलं.

आता ते पुण्यात असतात. इथलं काम संपलं आणि ते बायकोकडे परत गेले. सानिका कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायला आलंय, त्यांच्याकडे स्वतःचा प्रिंटर आहे. माझे शनिवार वेळेत संपतात.

पण जायच्या आधी ते एकदा पेनड्राइव्ह घेऊन आले होते. पुन्हा केलेल्या वर्षाचा मोठा निबंध. सानिकाच्या खोलीवर प्रिंटर नव्हता आणि तिला त्या दिवशी तास होते. "फक्त प्रिंट, असं म्हणालीये," त्यांनी दारातच सांगून टाकलं.

फाइल उघडली. विषय तोच. 'स्टेकहोल्डर' कुठेच नाही. वाक्यं तोकडी, जरा अडखळणारी. सानिका भाडेकरूच्या बाजूने भांडत होती. ते खुर्चीत पुढे सरकून वाचत होते, आणि दुसऱ्या पानावर त्यांचा हात माउसवर थांबला.

"ताई, हे वाक्य दोनदा आलंय. लागोपाठ."

"आलंय खरं. फोन करून सांगा तिला."

"काहीही दिसलं तरी सांगायचं नाही, असं बजावलंय तिने."

कर्सर त्या वाक्याच्या टोकाशी लुकलुकत होता. एक कळ दाबून धरली की काम झालं असतं. तेवढ्याने कुणाचं काय बिघडलं असतं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होता. मग त्यांनी प्रिंटची आज्ञा दिली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

कागद बाहेर आले. शेवटच्या पानावरची सहीची जागा रिकामी होती. ती त्यांनी एकदा पाहिली आणि पान सगळ्यात खाली ठेवलं. पानं सगळी आली का हे बघायला सवयीने बोट तोंडाकडे गेलं, ओठांपर्यंत पोचलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी ते पँटला पुसलं. मग कोरड्या बोटाने एकेक पान वेगळं करायला लागले. पानं एकमेकांना चिकटून होती, सुटत नव्हती. ते पुन्हा पुन्हा कोपरा धरत होते, घाई न करता, तसंच कोरडं.