ओढ्याकडचं वळण

रानातल्या पायवाटा राखणारे मामा म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी, पण हे त्यांना सांगायची सोय नाही. त्यांच्या वाटांवर फरशी नाही की सिमेंट नाही. पावलांनी माती दबली, झाडांची मुळं उघडी पडली, की तेवढी वाट पाल्याने झाकून टाकायची आणि बाजूने नवी काढायची.

त्या दिवशी ओढ्याकडचं वळण झाकायचं होतं, आणि नेमक्या तिथेच दर रविवारी येणाऱ्या शिक्षिकाबाई उभ्या. नवऱ्यासोबत त्या शेवटचं चालल्या ते याच वळणावर.

"मामा, एवढं एक वळण राहू द्या ना."

"बाई, इथे येणाऱ्या प्रत्येकाचं एकेक वळण लाडकं. झाडांना काय सांगू, जरा पलीकडे सरका म्हणून?"

बाई हसल्या आणि हसता हसता डोळे भरले. मामांचा सगळा तोरा उतरला.

"या जाऊन एकदा. मी थांबतो."

बाई ओढ्यापर्यंत गेल्या. बऱ्याच वेळाने परतल्या त्या वाकून, मागे मागे सरकत, आपल्याच पावलांवर ओंजळीने पाला पसरत.

पाला ओढायचं दाताळं बाजूला ठेवून मामाही ओणवे झाले.