मयुरीचं चुकलं तेव्हा

पोरीला चारचौघांत ‘जन्माची हुशार’ म्हणताना तुमची छाती फुगते. पण तीच पोरगी पहिल्यांदा नापास झाली तर तिनं स्वतःला काय समजायचं, हे सांगितलंय का कधी?

अमडापूरच्या धम्मशीलाताईंनीही सांगितलं नव्हतं. शिवणकाम सांभाळून त्या संध्याकाळी विहारात पोरांचा अभ्यास घेतात. स्वतः दहावीला गणितात दोनदा आपटलेल्या. म्हणून त्यांचा एक कायदा आहे: चुकलेलं गणित फळ्यावरून पुसायचं नाही. ज्याचं चुकलं त्यानंच खडू घेऊन घसरलेली जागा शोधायची. कोणी दात काढले की ताईंचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.

या कायद्याच्या तावडीत मयुरी कधी सापडलीच नाही. तिचं चुकायचंच नाही. दहावीत तालुक्यात झळकली, विहारात सत्कार झाला, आणि माइकवरून ताईच म्हणाल्या, हिचं डोकंच वेगळं आहे.

पुढं चिखलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत मयुरी नापास झाली. पोट दुखतं म्हणून घरी बसली. मग एक दिवस ताईंकडे येऊन म्हणाली, शिवण शिकवा, कॉलेज सोडलं. ताई भडकल्या. एका पेपरानं पळतेस, मी काय पळाले होते का, म्हणून फाडफाड बोलल्या. मयुरीनं सगळं ऐकून घेतलं.

“ताई, तुमाले कोणी हुशार म्हणत नव्हतं. मले म्हणत होते. आता जमत नाही, म्हंजे मी हुशार नव्हतीच ना?”

ताईंचा पाय मशीनवरच थांबला. माइकवरचं आपलंच वाक्य पोरीच्या मानेवर बसलंय, हे त्यांना तेव्हा दिसलं. त्या उठल्या, तिला विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात घेऊन गेल्या आणि पेपरातलं गणित फळ्यावर मांडायला लावलं.

“हे मले येत नाही. पण तुले सापडेपर्यंत मी हलत नाही इथून.”

सातवीतली पायल शेजारच्या पोराला कोपर मारून म्हणाली, “मयुरीताईचंबी चुकते बे!” वर्ग खदाखदा हसला. ताई ओरडणार, तोच मयुरीच हसली.

गणितातल्या गाडीचा वेग वाढत होता आणि तिनं तो सारखाच धरला होता. जागा सापडली. पुढच्या गणितात पुन्हा अडली; ते फळ्यावर तसंच ठेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी खडू मागायला आली. सोमवारी चिखलीच्या गाडीत बसली. पुढच्या चाचणीत काठावर पास झाली, आणि कुठले मार्क कुठं गेले हे आईला स्वतः सांगितलं.

तुमच्याही घरात एखादा पेपर दप्तराच्या तळाशी दडवलेला असेल. तो मागून घ्या, मार्कांवर हात ठेवा, शेजारी बसा आणि एवढंच विचारा, कुठं अडलं, दाखव. आजच विचारा.