‘ढ’च्या पोटातली गाठ

फोन सखातात्यांच्या नातवाचा होता. “भाऊसाहेब, आजोबा गेले. सकाळी धरून ओट्यावर नेऊन आणलं, दोन घोट चहा घेतला, अन् बसल्या जागी...” आता खरं सांगतो, मला आधी हसू आलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तर मी “तात्या गेले” म्हणतोय आणि हसतोय. तिला वाटलं, ह्यांचंही आता वय झालं. रडू यायला मग संध्याकाळ उजाडली... आणि आलं ते चांगलं तासभर पुरलं. पण हसू का आलं ते सांगितल्याशिवाय तात्यांविषयी काही सांगताच येणार नाही. शहरातल्या वाचकाला वाटेल, म्हातारा घरापुढच्या ओट्यावर जरा बसून आला असेल. तांबडदऱ्यात तसं नाही. तिथं ओढ्याला ओटा म्हणतात. गुरं ओट्यावर पाणी पितात, बायका ओट्यावर धुणी धुतात आणि ओट्याला पूर आला की शाळेला सुट्टी मिळते. मराठी भाषेचं हे नुकसान मी एकट्यानं केलेलं आहे. तात्यांनी ते वेळेला झाकलं, आणि पुढं जन्मभर चारचौघांत उघडं करून दाखवलं.

मी मूळचा श्रीरामपूरकडचा. पाटाच्या पाण्यावर वाढलेला, उसाच्या सावलीत अभ्यास केलेला. ग्रामसेवकाची पहिली नेमणूक झाली ती पारनेर तालुक्यातल्या या गावात, जिथं पाहुण्याला पाणी देताना तांब्या भरलेला आहे की अर्धा हे घरातली तीन माणसं बघायची. साल एकाहत्तर. वय तेवीस, नोकरी कच्ची, पण पहिल्याच दिवशी सगळं गाव मला ‘भाऊसाहेब’ म्हणायला लागलं, कारण ग्रामसेवकाला तसंच म्हणतात. सखातात्या सरपंच होते. चाळिशीचे, चौथी पास, डोक्याला पटका, आणि कागदाविषयी भलता आदर. सहीला कागद पुढं केला की आधी हात धोतराला पुसायचे, मग “वाचा भाऊसाहेब” म्हणून डोळे मिटायचे. सगळं ऐकून झाल्यावर वळणदार अक्षरात सही करायचे. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी लिहिलेलं पहिलं प्रोसिडिंग बुक त्यांनी आडवं धरलं, उभं धरलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, “भाऊसाहेब, ह्ये कोनत्या बाजूनं वाचायचं?” तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. पण मला राग आला. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोललो, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या मारुतीच्या देवळाखालून एक ओढा जायचा, म्हणजे त्या वर्षी नुसती वाळू जायची. वाळूत झिरा खणलेला, त्यात बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या. एकेक बिऱ्हाड हलायला लागलं. खालच्या आळीतली आठ-दहा घरं तर बोचकी बांधूनच बसली होती. त्या ओढ्यावर मातीचा बंधारा घातला तर आत्ता हाताला काम मिळेल आणि पुढं पाणी अडेल, असा ठराव तात्यांनी ग्रामपंचायतीत केला. मी तो लिहिला, वाचून दाखवला, त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि सही केली. कागद वर गेला. तात्यांनी मारुतीपुढं उभं राहून गावाला शब्द दिला, की होळीच्या आत काम सुरू करतो. नाही झालं तर सरपंचकी सोडीन आणि तुमच्या पुढं माझं बोचकं मी उचलीन. तात्या उगाच बोलत नसत, म्हणून बोचकी तशीच बांधलेली, पण जागेवर राहिली.

मंजुरी आली तेव्हा होळीला तीन आठवडे होते. देवळापुढच्या दगडी ओट्यावर सगळं गाव जमलं. टाइप केलेला कागद, खाली गोल शिक्का. मी घसा साफ करून वाचायला लागलो आणि मला घाम फुटला. कागदावर लिहिलं होतं, ‘मौजे तांबडदरा येथील मारुतीच्या ओट्यावर माती बंधारा बांधणे.’ माझी जीभ माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिनं ‘ओढ्यावर’ असं वाचलं आणि पुढं गेली. पुढं अटी होत्या. बांधाच्या वरच्या अंगाला दोनशे फुटांत शेळी चारू नये, झाड तोडू नये, नांगर घालू नये. हे वाचल्यावर सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. ओढ्याच्या त्या अंगाला तात्यांचीच मळईची पट्टी होती, त्यांच्या जमिनीतला एकुलता एक चांगला तुकडा. तात्यांनी डोळेही उघडले नाहीत. “कायदा त्यो कायदा. फुडं वाचा,” एवढंच म्हणाले.

दुपारी खोलीचं दार लावून मी माझ्या हातची नक्कल काढून पाहिली. ‘ओढ्यावर’ लिहिताना ‘ढ’च्या पोटात गाठ मारायची राहिली होती. टाइप करणाऱ्यानं ‘ट’ पाहिला, ‘ट’ मारला, त्या बिचाऱ्याचा काय दोष? तिथून पुढं कागद या टेबलावरून त्या टेबलावर, मग समितीत, मग सभेत गेला आणि ओट्यावर बंधारा कशाला, असं कुणी विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं असतं? मी चूक कळवायला हवी होती. मी नक्कल घडी करून उशीखाली ठेवली आणि काहीतरी आपोआप होईल म्हणून वाट बघत बसलो.

आपोआप झालं ते असं, की दहा-बारा दिवसांनी ओव्हरसियर टेप आणि चुन्याची पाटी घेऊन आले आणि थेट देवळाच्या ओट्यावर चढले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला धरून चालणारा. लिहिलंय तिथंच आखणी होईल, म्हणाले, आणि खरंच चुन्याची रेघ ओढायला लागले. वरच्या अंगाला दोनशे फूट टेप धरली तर त्यात मारुती आला, शाळा आली, तालीम आली आणि तात्यांचा शेळ्यांचा गोठा आला. शाळेत नांगर घालायला बंदी झाली. एका म्हाताऱ्यानं गंभीरपणे सुचवलं, की आदी मारुतीला पवता येतं का त्ये इचारा. लोक हसले, पण फार वेळ नाही. दुरुस्ती करायची तर नवा ठराव, परत सगळी टेबलं, आणि वरची सभा पाडव्यानंतर. होळी आठ दिवसांवर. मागून कुणीतरी म्हणालं, तात्याचं बेस झालं, मळई वाचली. ते तात्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि मग मात्र मला राहवेना. तात्यांना देवळामागं नेऊन मी नक्कल पुढं धरली आणि सगळं कबूल केलं.

त्यांनी कागद उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाले, “भाऊसाहेब, तुमाला ‘ढ’ म्हनावं, तर तुमाला ‘ढ’ बी काढता येत न्हाई.”

मी रडायला लागलो. पंचवीस वर्षांचा घोडा, हुंदके देऊन. त्यांनी विचारलं, ह्यापायी नोकरी जाईल का? कच्ची आहे, जाईल बहुतेक, मी म्हणालो. त्यांनी कागदाची घडी करून पटक्यात खोचली आणि ओव्हरसियरपुढं जाऊन उभे राहिले.

“सायेब, कागदात चूक न्हाई. आमी ओढ्यालाच ओटा म्हनतो.”

“मग मी उभा आहे त्याला काय म्हणता?”

तात्यांनी पटका सारखा केला. “त्याला व्हय? त्याला पार.”

“पाराला झाड लागतं.”

“लावायचं हाय अजून.”

ओव्हरसियरांनी टेप गुंडाळली. ते म्हणाले, उद्या सकाळी येतो, आणि गावात शिरताना पहिलं जे माणूस भेटेल त्याला मारुतीचा ओटा कुठं ते विचारतो. ते दाखवील तिथं आखणी.

त्या संध्याकाळी तांबडदऱ्यात जो भाषेचा वर्ग भरला, तसा शाळेत कधी भरला नसेल. घरोघर तालीम. ओढ्याला ओटा, ओट्याला पार. चुकेल त्यानं बंधाऱ्यावर दहा पाट्या माती जास्तीची टाकायची, असं ठरलं. लोक नको तिथं सुधारायला लागले. एकानं पाहुण्याला “बसा की वढ्यावर” म्हणून उंबऱ्याबाहेर बसवलं. बोचकी बांधलेल्या घरांनी तर पोराबाळांना झोपेपर्यंत घोकवलं. सगळं गाव तयार झालं, एक माणूस सोडून. ते माणूस म्हणजे तात्यांची बायको, रखमाकाकू. गळ्यात माळ, खोटं बोलायचं नाही. शेजारणीनं कालवण कसं झालंय विचारलं की खरं सांगायच्या, म्हणून शेजारणी विचारत नसत. तात्यांनी माझ्यादेखत हात जोडले, की उद्याचा एक दिवस घराबाहेर पडू नकोस. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पानी आनाया कोन जाईल? अन् मी वढ्याला वढाच म्हननार.”

सकाळी आम्ही दोघं देवळाच्या भिंतीआड उभे. ओव्हरसियर वळणावर दिसले, आणि खालून वर येताना त्यांना पहिलं माणूस भेटलं ते रखमाकाकू. डोक्यावर रिकामी घागर, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तात्यांनी माझं मनगट इतकं आवळलं, की दोन दिवस वळ होता. ओव्हरसियरांनी विचारलं, बाई, मारुतीचा ओटा कुठं आहे?

“त्यो काय, खाली झिऱ्यापाशी,” काकू म्हणाल्या.

मी तात्यांकडं पाहिलं, तात्यांनी माझ्याकडं. ओव्हरसियरांनी देवळाकडं बोट दाखवून विचारलं, मग हा?

“ह्याला कालपासनं पार म्हनत्यात.”

ओव्हरसियर खाली उतरले, आम्ही मागोमाग. झिऱ्याशेजारी चार चपटे दगड नीट बसवलेले, वर गुळगुळीत सारवलेलं, आणि मध्यभागी शेंदूर फासलेला मुठीएवढा मारुती. काकू अंधारात उठून हे करून आल्या होत्या. जीभ बदलायची नव्हती, म्हणून त्यांनी ओढ्याकाठीच ओटा आणून ठेवला. घरातलं दिवसाचं पाणी त्या सारवणात गेलं. ओव्हरसियरांनी वाकून ओट्यावर हात टेकला तर पाची बोटं उमटली. त्यांनी आपल्या पंजाकडं पाहिलं, काकूंच्या कोपरांकडं पाहिलं. हात धुवायला पाणी मागितलं, काकू म्हणाल्या, संपलं. मग रुमालाला हात पुसून त्यांनी डायरीत लिहिलं, ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ‘मारुतीचा ओटा प्रत्यक्ष पाहिला.’ आणि चुन्याची पाटी मागवली.

होळीच्या तीन दिवस आधी पहिली कुदळ पडली. बोचकी सुटली. माझी नोकरी राहिली आणि तीच पुढं पस्तीस वर्षं चालली. तात्यांच्या मळईवर मात्र नांगर परत फिरला नाही. ती पट्टी त्यांनी स्वतःच काट्या लावून बंद केली, आणि पहिल्याच महिन्यात आत सापडलेली शेळी त्यांचीच निघाली, तेव्हा स्वतः कान धरून तिला कोंडवाड्यात घातली. ती जमीन गेल्याचं त्यांना वाईट वाटलं का, हे मी खूप वर्षांनी विचारलं. ते म्हणाले, “लई वाटलं की. पर सांगून काय उपेग?”

पहिल्या पावसाळ्यात बंधाऱ्यात पाणी साठलं त्या दिवशी तात्यांनी गावादेखत माझ्यापुढं पंजा पसरला आणि म्हणाले, “ढ काढा.” मी बोटानं त्यांच्या तळव्यावर ‘ढ’ काढला. “गाठ?” मारली, मी म्हणालो. तेव्हापासून हा नेम सुरू झाला तो सुटला नाही. माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या असताना पंजा पुढं आला. मी निवृत्त झालो तेव्हा हाराच्या ढिगातून आला, आणि साहेब लोकांना वाटलं, म्हातारा काही मागतोय. मी चिडायचो, आणि तरी काढायचो. शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी पंधरा दिवसांची. मुलांनासुद्धा ओळखत नव्हते. मी खाटेजवळ बसलो, नाव सांगितलं, गाव सांगितलं, काही नाही... आणि मग पांघरुणातून पंजा हळूच बाहेर आला. मी ‘ढ’ काढला, गाठ घट्ट मारली. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. “गाठ मारायची ऱ्हायली,” म्हणाले.

तेरावा झाल्यावर मी गेलो. एसटीत कंडक्टर ओरडला, ओटा कोण उतरणार, आणि मी उठलो. बंधाऱ्यात पाणी होतं. तो चार दगडांचा ओटा तिथंच आहे, तात्या रोज सकाळी ज्यावर बसायचे तो. नातसून सारवत होती आणि रखमाकाकू काठीवर हनुवटी टेकून तिच्या चुका काढत होत्या. मला पाहून सरकून जागा दिली. ओल्या सारवणावर माझं बोट आपोआप फिरलं. चांगला मोठा ‘ढ’ काढला, पोटात गाठ मारली. काकूंना अक्षर येत नाही, पण त्यांनी वाकून पाहिलं.

“गाठ मारली व्हय?”

“मारली, काकू.”

“पुसा ती,” काकू म्हणाल्या. “त्येंना बोलाया काय ऱ्हाईल मग?”

मी अंगठ्यानं गाठ पुसली. ओट्यावर ‘ट’ राहिला.