इंजिन बसतंय

शकीलभाईंनी माझ्या जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधून दिलं होतं. थोडी चालवून झाल्यावर पहिलं ऑइल बदलायला मी त्यांच्या गॅरेजवर गेलो. काढलेलं ऑइल त्यांनी पांढऱ्या थाळीत घेतलं आणि थाळी उन्हात तिरकी धरली. तळाशी चुरा चमकत होता.

“इंजिन बसतंय म्हणायचं?” मी विचारलं.

“कुठलं बसणं, ते बघू.”

मला हसू आलं. आपल्याकडे घडी बसते, जम बसतो आणि धंदाही बसतो. सगळं मार्गी लागलं तरी हाच शब्द, दिवाळं निघालं तरी हाच.

शकीलभाईंनी थाळीत लोहचुंबक फिरवला. काळपट भुकटी त्याला चिकटली. “ही पिस्टनच्या नव्या रिंगांची. घासून घासून त्या जागेवर बसतात.” पण काही चकचकीत कण तळाशीच राहिले. ते त्यांनी बोटांवर चोळून पाहिले. “हे बेअरिंगचे. यात लोखंड नाही, म्हणून चुंबकाला येत नाहीत.”

“पण आवाज तर काहीच नाही!”

“आवाज येईपर्यंत थांबलो तर इंजिनच बसेल, साहेब. बेअरिंग मीच टाकलंय. इंजिन पुन्हा उतरवतो.”

दुसऱ्याच्या कामात खोट शोधणारे पुष्कळ भेटतात. आपणच केलेल्या कामाच्या तळाशी, कुणी न सांगता, भर उन्हात चुंबक फिरवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी तिथेच सोडून मी पायी निघालो. इंजिनाचं माहीत नाही, पण माझा विश्वास मात्र त्या दुपारी बसला.