अर्ध्या काड्यांची पेटी

त्या उन्हाळ्यात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. आई कोल्हापूरला दवाखान्यात ऑक्सिजनवर, साथीमुळे विमानं बंद, आणि मी परदेशात, मास्ट्रिख्टमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संशोधनाचे आलेख काढत बसलेली. दत्ताच्या तसबिरीपुढे निरांजन लावायला हात उठत नव्हता. शेजारच्या बाल्कनीतून दिवसभर टकटक चालायची. शेवटी वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. तिथल्या आजोबांच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, ‘कृपया हा आवाज थांबवा.’ आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीतूनच माफी मागितली, तेव्हा कळलं ते कोण. रिओच्या डोंगरावरच्या वस्तीत शिंपीकाम करत या माणसाने पन्नास वर्षं सांबाची गाणी रचली होती. कार्निव्हलच्या मिरवणुकीत अख्खी वस्ती ती गात नाचायची. वाद्य घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे काडेपेटीवर ताल धरून चाल बांधायची. कितीतरी गाणी दुसऱ्यांच्याच नावावर गाजली. वाईट नाही वाटत का, असं मी विचारलं, तर मोडक्या डचमध्ये म्हणाले, “गाणं वरून येतं. मी फक्त दार उघडं ठेवतो.” मुलीकडे राहायला आलेला ऐंशीच्या घरातला हा माणूस मिरवणुका बंद असतानाही पुढच्या मिरवणुकीचं गाणं बांधत होता, आणि मी ते बंद पाडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी दुपारी नर्सताईंचा फोन आला. घरात रेंज धड नसायची, म्हणून मी बाल्कनीत धावले. “ताई, आई काहीच प्रतिसाद देईनात. फोन कानाशी धरते, बोला तुम्ही.” काय बोलणार? आई दर गुरुवारी टाळ घेऊन म्हणायची ते दत्ताचं भजन सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला अडले. तेवढ्यात शेजारून हलकेच टकटक आली. आजोबांना आपल्या भाषेचा गंध नव्हता, पण ठेका नेमका आईच्या टाळांचा! त्या ठेक्याला धरून मी रडत रडत अख्खं भजन म्हटलं. नर्सताई ओरडल्याच, “अहो, बोटं हलतायत त्यांची! ताल धरलाय!”

पंधरवड्याने आई घरी आली. औषधाने की कशाने, हा वाद मी घालत नाही. फोनवर तिने पहिलं विचारलं ते एवढंच, “त्या दिवशी तुझ्याबरोबर टाळ कोण वाजवत होतं गं?”

मी शिऱ्याचा प्रसाद घेऊन आजोबांकडे गेले, चिठ्ठीबद्दल क्षमा मागितली, आणि मलाही शिकवा म्हणून देवापुढची नवीकोरी काडेपेटी वाजवून दाखवली. ती काही वाजेना. त्यांनी हसत ती उघडली आणि अर्ध्या काड्या काढून घेतल्या. “भरलेली पेटी बोलत नाही,” म्हणाले.

आता नवी पेटी आणली की मी आधी अर्ध्या काड्या काढते. मग निरांजन लावते, हात जोडते. पूर्वी मागण्यांची भलीमोठी यादी असायची. हल्ली नुसतीच उभी राहते.