सीताफळाच्या वर्गातले मामा

समोरच्याला प्रश्न विचारून दमवण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा अख्ख्या पुण्यात कुणी नाही. वाघोलीच्या स्टॉपवर पाठीला सॅक लावलेलं पोर दिसलं, की मामा त्याला गाव, शेत, कॉलेज आणि मेसची भाजी या क्रमानं विचारणार. पोर त्यांच्याच दुष्काळी तालुक्यातलं निघालं, की मामांचा चेहरा उतरायचा. "आमची सीताफळं आणि आमची पोरं," ते म्हणायचे, "दोन्ही पिकायच्या आत पुण्याला येतात." माझ्या मेव्हणीच्या लग्नात सीताफळ रबडीची वाटी घेऊन ते थेट आचाऱ्याकडे गेले आणि गर कुठला ते विचारलं. गर परराज्यातला, डबाबंद निघाला. मामा जेवलेच नाहीत. नवरीचा मामा रुसला म्हणून मांडवभर पळापळ झाली. मानपानात काय राहिलं ते कुणालाच कळेना.

पुढे त्यांच्या तालुक्यात विद्यापीठाचं उपकेंद्र निघालं. गावानं वर्गखोल्यांच्या आधी कमान बांधली. फळप्रक्रियेचा वर्षभराचा अभ्यासक्रम मिळाला. अट एवढीच, जागा दहा आणि दहाही भरायला हव्यात, नाहीतर वर्ग बंद. गावाला हवं होतं इंजिनिअरिंग. "सीताफळ झाडाला लागतंयच की," लोक म्हणाले, "त्यात शिकायचं काय हाय?"

त्यानंतर मामा दर सोमवारी पहाटे विश्रांतवाडीच्या घरातून नाहीसे होऊ लागले. मामींना विचारलं, तर "शिकायला जातात म्हणे," एवढंच. मला राहवेना. गेलो, तर नऊ पोरांत दहावे मामा, डोक्याला जाळीची टोपी, सीताफळाच्या बिया काढत बसलेले. "आजोबा, प्रश्न पुरे, हात चालवा," मॅडम म्हणत होत्या. तीन वर्षं मामांनी प्रवेश घेतला आणि तिन्ही वेळा परीक्षा चुकवली. मी कारण विचारलं. "अहो जावईबापू, पास झालो तर पुढच्या वर्षी दहावा कोण?"

यंदा जूनमध्ये मात्र ते दुपारीच परत आले. वर्गाच्या दहाही जागा भरल्या होत्या. वाघोलीचं कॉलेज सोडून गावी परतलेल्या एका मुलीनं शेवटची जागा घेतली होती. "मला जागाच नाही म्हणाले," असं त्यांनी सोसायटीभर सांगितलं, वर पेढेही वाटले. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मामांनी धुतलेला ॲप्रन नीट घडी करून मांडीवर ठेवला.

"यंदा परीक्षा देणार होतो हो," ते म्हणाले. "अभ्यास झाला होता."